गाडी बंद पडता कामा नये

टाल्कम पावडर मागायला आलेली बाई, ही सकीनाभाभींची माझी पहिली ओळख. आम्हाला अरबी मुलखात, तबूकला येऊन आठवडाही झाला नव्हता. माझा नवरा अविनाश रस्त्याच्या कामावर इंजिनिअर म्हणून रुजू झाला होता, मला इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची नोकरी मिळाली होती आणि घरातली अर्धी खोकी अजून दोरीतच होती. दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, काटक बाई उभी. अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आणि दोन्ही हात काळेकुट्ट.

"मी खालच्या मजल्यावरची, सकीना मुकादम. तुम्ही मराठी ना? खोक्यावरचं नाव वाचलं. तोंडाला लावायची पावडर हाय का गो? माझी संपली."

मला वाटलं, बाईंना कुठे लग्नाबिग्नाला जायचं असेल. हात धुवायला साबण द्यावा की काय, असंही मनात आलं. मी नाशिकहून आणलेला चंदनाच्या पावडरीचा नवाकोरा डबा दिला. संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर बाई एका जुन्या गाडीच्या उघड्या दारापाशी उकिडव्या बसून दाराच्या रबराला माझी पावडर चोळत होत्या. बाळाला न्हाऊमाखू घातल्यावर लावतात तशी, अगदी कोपऱ्याकोपऱ्यात.

"उन्हानं रबर चिकटतं. मग दार उघडताना फाटतं. फाटलं की वाळू आत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या पावडरीला वास बरा हाय."

डबा काही परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सांदणांनी भरलेली ताटली मात्र आली. पुढे चार-पाच वर्षं हा व्यवहार असाच चालला. माझ्या घरातलं काय कधी त्या गाडीच्या कामी येईल ते सांगता येत नसे. अविनाशचा जुना टूथब्रश बॅटरीच्या टोकांसाठी गेला, माझी फाटकी सुती साडी पुसण्यासाठी गेली, आणि एकदा तर फ्रिजवर लावलेलं लोहचुंबक "जरा बघते" म्हणून घेऊन गेल्या. ते तेलात लोखंडाचा कीस येतोय का ते बघायला हवं होतं.

गाडी म्हणजे एक चौकोनी, उंच, चारही चाकांना जोर देणारी डिझेलची गाडी. कधीकाळी पांढरी असावी. आमच्या इमारतीच्या आवारात चकचकीत नव्या गाड्यांच्या रांगेत ती एखाद्या खेडवळ आजोबांसारखी उभी असे. पण आजोबांची तब्येत इतरांपेक्षा ठणठणीत होती, कारण त्यांच्या मागे सकीनाभाभी होत्या.

भाभी तेव्हा पंचेचाळिशीच्या आत-बाहेर असतील. माहेर, सासर दोन्ही दापोलीच्या बाजूला, समुद्राला लागून. वडिलांची मासेमारीची लाँच होती, आणि सगळ्या भावंडांत इंजिनाच्या खोलीत उतरायची हौस एकट्या हिलाच. "बाबा म्हणायचे, पोरगा व्हायचा तो पोरगी झाली. मी म्हणायची, इंजिनाला कुठं कळतंय?" बोलण्यात मुलाहिजा म्हणून नव्हता. आवारातल्या सगळ्या गाड्यांची त्या न सांगता तपासणी करत आणि निकाल जिन्यात जाहीर करत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माणूस बायकोला कसा वागवतो ते बघायचं तर त्याचे टायर बघावे." पहिल्यांदा हे वाक्य अविनाशच्या कानावर पडलं, त्या संध्याकाळी तो कुणालाही न सांगता हवा भरून आला.  मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

या सगळ्या खटाटोपाचं कारण गमतीचं नव्हतं. त्यांचे यजमान इस्माईलभाई विहिरींचे पंप दुरुस्त करत. तबूकच्या आसपास वाळवंटात मोठमोठ्या बागा आहेत, द्राक्षं, ऑलिव्ह, पीच, आणि सगळ्या जमिनीच्या पोटातल्या पाण्यावर जगतात. अशा बऱ्याच बागांचा मालक असलेला अबू नासिर हा इस्माईलभाईंचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा इथे राहायचा परवाना, इकामा. उन्हाळ्यात पंप दोन दिवस बंद राहिला की झाडं माना टाकतात. त्यामुळे निरोप आला की निघायचं, पोचायचं आणि पंप चालू करायचा, हे काम. आणि इस्माईलभाईंना साखरेच्या आजारानं हळूहळू दिसेनासं होत चाललं होतं.

आम्ही आलो तेव्हाच त्यांची गाडी चालवणं सुटलं होतं. तोवर या देशात बायकांना परवाना मिळायला लागला होता. भाभींनी परवाना काढला आणि त्या नवऱ्याला घेऊन बागांवर जायला लागल्या. अबू नासिरला हे आवडलं नाही, पण इस्माईलसारखा पंपवाला त्याला मिळतही नव्हता. त्यानं एवढंच सांगितलं, इस्माईल वेळेवर येतोय तोवर काम त्याचं. ज्या दिवशी गाडीपायी माझी बाग वाळली, त्या दिवशी खलास, मी दुसरा माणूस बघतो.

त्यांची मुलगी निलोफर पुण्याला डेंटल कॉलेजात शिकत होती. ती डॉक्टर होईपर्यंत नोकरी टिकवायची, मग दोघांनी गावी जायचं, हे नवरा-बायकोचं ठरलेलं. नोकरी टिकायची तर इस्माईलभाई पोचायला हवेत, आणि ते पोचायचे तर गाडी बंद पडता कामा नये. हे भाभींनी मला ओळख झाल्याच्या पहिल्याच महिन्यात, भाजी निवडता निवडता सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. रेशन कार्डाचा नियम सांगावा तसं.

सकाळी फजरची नमाज झाली की भाभी खाली. ऊन चढायच्या आत, टायर गार असतानाच हवा बघायची, कारण एकदा रस्त्यावर चाक तापलं की आकडा खोटा बोलतो. मग बॉनेट उघडून पाइपांना एकेक करून चिमटा काढायचा. रबर कडक लागलं तरी वाईट आणि फार मऊ लागलं तरी वाईट. पट्टा बोटानं दाबायचा. बॅटरीचं पाणी बघायचं. "लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. मरते थंडीत, पण तिला मारून ठेवलेली असते उन्हाळ्यानं," असं त्या म्हणत. तबूकची थंडी कडक असते, डिसेंबरात आवारातल्या निम्म्या गाड्या सकाळी कण्हत. आजोबा एका किल्लीत उठत.

वावटळ येऊन गेली की हवेचा फिल्टर काढून आवारातल्या कट्ट्यावर आपटायचा कार्यक्रम. त्यातून जी धूळ निघे, ती त्या तळहातावर घेऊन मला दाखवत. मैद्यासारखी बारीक. "ही आत गेली की इंजिन घासून खलास." मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, सरळ नळाखाली धुऊन का टाकत नाही? वर्गात मी पाढा चुकलेल्या पोराकडे बघते, तसं भाभींनी माझ्याकडे बघितलं. "कागद हाय तो गो. तू पोरांच्या वह्या धुतेस का?"

पण वाळवंट काही त्यांना पाळण्यातच कळलेलं नव्हतं. सुरुवातीला झालेली फजिती त्या स्वतःच रंगवून सांगत, आणि इस्माईलभाई बाजूला बसून पुरवणी जोडत.

झालं असं की कोकणात लाँचला शत्रू एकच, खारी हवा. लोखंड उघडं दिसलं की गंजलं. म्हणून त्यांच्या घरी रीत अशी की सांधा असो, बिजागरी असो, साखळी असो, सढळ हातानं ग्रीस फासायचं. वरून जुनं तेल. जितकं चिकट, तितकं चांगलं. लग्न होऊन या देशात आल्यावर, तेव्हा गाडी इस्माईलभाई चालवत, भाभींनी पहिल्यांदा गाडीची काळजी हाती घेतली आणि माहेरची सगळी माया तिच्या पोटाखाली थापली. दोन दिवस आडव्या पडून चेसिसपासून स्प्रिंगांपर्यंत ग्रीस आणि जळकं तेल. इस्माईलभाईही दर्यावरच्याच घरातले, त्यांनाही ते पाहून समाधान वाटलं.

"सासू असती तर बांगड्या दिल्या असत्या," भाभी म्हणत.

"बांगड्या नाय, वाळूच दिली," इस्माईलभाई म्हणत.

कारण तबूकात गंज येतोच कुठे? इथे हवेत पाणी नाही. त्या चिकट लेपावर वाळू येऊन बसली, बसली ती हलेना, आणि दोन-तीन महिन्यांत सगळ्या सांध्यांना तिनं पॉलिश पेपरासारखं घासून काढलं. एका कोरड्या ओढ्यात पुढचा सांधा निखळला आणि चाक वाकडं होऊन बसलं. दोघं बाभळीच्या सावलीत दिवसभर बसले, संध्याकाळी पाण्याचा टँकरवाला भेटला. त्यानंतर भाभींनी कानाला खडा लावला. ग्रीस भरायचं ते सांध्याच्या आत, जुनं मळकं बाहेर येईपर्यंत. आणि बाहेर आलेलं पुसून कोरडं करायचं, इतकं की बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. माझ्या साड्या खपत त्या इथे.

त्यांचं आणि अविनाशचं मात्र एका गोष्टीवरून चांगलंच वाजलं. इंजिनात पाणी किती तापल्यावर रेडिएटरकडे सोडायचं हे ठरवणारी एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, कुणीतरी भाभींना सांगितलं होतं की गरम देशात ती काढूनच टाकावी, पाणी सतत फिरतं, इंजिन थंड राहतं. त्यांनी ती काढली होती. अविनाशला हे कळलं आणि त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. झडप नसली तर पाणी रेडिएटरातून धावत सुटतं, थंड व्हायला त्याला उसंतच मिळत नाही, आणि हिवाळ्यात इंजिन धड तापतही नाही, असं त्याचं म्हणणं. भाभी म्हणाल्या, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. अविनाश म्हणाला, गॅरेजवाल्याचं गॅरेजात ठेवा. महिनाभर जिन्यात दोघं एकमेकांना फक्त सलाम करत. इस्माईलभाई मला हळूच म्हणायचे, "ताई, आपण दोघं थंड हाव, ते बरं हाय. घरात दोन गरम माणसं नकोत."

मग एके दिवशी आमच्या दारात कोळंबीच्या बिर्याणीचं पातेलं आलं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. भाभींनी गुपचूप झडप बसवून चढाच्या रस्त्यावर गाडी पळवून बघितली होती आणि काटा खाली राहिला होता. हार मानायची त्यांची हीच पद्धत. तोंडानं "तुमचं बरोबर होतं" म्हणायची वेळ आली, तर त्यांनी बकरा कापला असता, पण म्हणाल्या नसत्या. अविनाश शाकाहारी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बिर्याणी मी एकटीनं तीन दिवस खाल्ली.

त्यांच्याबरोबर बागेवर मी एकदाच गेले, शाळेच्या उन्हाळी सुटीत. अबू नासिरच्या लांबच्या बागेतला पंप आदल्या संध्याकाळी बंद पडला होता. भाभी म्हणाल्या, चल, ताजी द्राक्षं मिळतील. उजाडता निघालो. डांबरी रस्ता सुटला तशी त्यांनी गाडी थांबवली, चारही चाकांची हवा कमी केली, म्हणजे टायर पसरून वाळूवर बसतात, आणि आम्ही लाल डोंगरांच्या मधून निघालो. इस्माईलभाई पुढे बसून डोळे मिटून जुनी गाणी गुणगुणत होते. मी मागे, पाण्याच्या कॅनांच्या शेजारी. भाभींच्या गाडीत माणसं कमी बसली तरी चालेल, पण पाणी कमी चालत नसे.

निम्मी वाट गेली असेल. भाभी एकदम म्हणाल्या, "काटा वर चाललाय," आणि पुढच्या क्षणी बॉनेटच्या फटीतून वाफ. त्यांनी गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, इंजिन बंद केलं, खाली उतरून बॉनेट उघडलं. मीही उतरले. बाहेरची हवा तव्यावरून आल्यासारखी. मदत करावी म्हणून मी रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला, तर त्यांनी असा फटका मारला की मनगट लाल झालं.

"तोंड भाजून घ्यायचंय? गार होऊ दे आधी. गाडी पण आणि तू पण."

त्यांनी गाडीच्या बाजूला ताडपत्री बांधून सावली केली. आम्ही तिघं तिथे बसलो. आजूबाजूला आवाज म्हणून नव्हता, फक्त तापलेलं लोखंड मधूनच टिक टिक करत होतं. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. फोनला रेंज नव्हती. इस्माईलभाई मला आंबा घाटात बंद पडलेल्या गाड्यांचे विनोद सांगत होते.  भाभी मात्र घड्याळ बघत नव्हत्या, सूर्य बघत होत्या, आणि ओठ घट्ट मिटलेले. त्यांना भीती वाळवंटाची नव्हती. तिकडे विहिरीपाशी अबू नासिर उभा असेल, त्याची होती.

इंजिन निवल्यावर कळलं की वरचा पाइप क्लॅम्पपाशी उभा चिरलाय. भाभींनी चिरलेलं टोक सुरीनं कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा चढवला, आवळला, सावकाश पाणी भरलं. "सगळे पाइप बदलले मागच्या हिवाळ्यात. हा एक ठेवला. वरून गुळगुळीत दिसला म्हणून ठेवला," एवढं स्वतःशीच बोलल्या आणि यल्ला, चला, म्हणून गाडी सुरू केली.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अबू नासिर विहिरीच्या शेडखाली उभाच होता, कपाळाला आठ्या. तो आमच्याशी मोडक्या हिंदीत बोले.

"इस्माईल, इतना देर? गाडी खराब?"

मी इस्माईलभाईंकडे बघितलं. ते उत्तर द्यायच्या आत भाभी पुढे झाल्या.

"गाडी एकदम ठीक. ये मॅडम को उलटी हुआ. बार बार रुकना पड़ा."

आणि माझ्या पाठीवर असा काही हात फिरवला की मला खरोखरच मळमळल्यासारखं झालं. अबू नासिरच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. भला माणूस, त्यानं मला शेडमध्ये गादीवर आडवं केलं, लिंबू-पाणी मागवलं, ताक मागवलं, ओला रुमाल कपाळावर ठेवायला दिला. इस्माईलभाईंनी बागेतल्या बांगलादेशी गड्याला हाताशी घेऊन पंप सुरू करेपर्यंत मी, धडधाकट बाई, डोळे मिटून पडून राहिले. द्राक्षांची पेटी समोर होती, पण उलटी झालेल्या बाईनं द्राक्षं कशी खायची? आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग इस्माईलभाई फिसकन हसले, आणि भाभींना हसता हसता गाडी थांबवावी लागली.

"तुझा नंबर मी जन्नतमध्ये लावते गो," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी तो पाइप बदलला. गुळगुळीत दिसतं त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवला नाही.

वर्षं जात होती. निलोफर तिसऱ्या वर्षाला गेली, चौथ्याला गेली. गाडी एकदाही अडली नाही. इस्माईलभाईंचे डोळे मात्र अधू होत गेले. पहिल्यांदा त्यांना तारांचे रंग कळेनासे झाले. मग भाभी शेजारी उभ्या राहून सांगायला लागल्या, ही लाल, ही पिवळी, ही निळी. बाकी सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. घरात ते भिंतीला हात न लावता चालायचे, म्हणून परक्या माणसाला कळायचं नाही. चहाचा कप मी समोर ठेवला की ते म्हणायचे, "ताई, कप बशीवर जरा वाजवा की." आवाज कुठून आला त्यावरून हात बरोबर तिथे जाई.

आणि मग ती गोष्ट घडली. मी तिथे नव्हते. भाभींनी त्याच संध्याकाळी आवारात गाडीच्या पायरीवर बसून मला सांगितलं.

जवळच्याच बागेत काम होतं. रस्त्यात मोठी धूळ उठली होती, म्हणून पोचल्यावर भाभी फिल्टर झटकायला गाडीकडे गेल्या. पाच मिनिटांचं काम. इकडे इस्माईलभाईंनी वाट बघितली नाही. बायकोला किती वेळा हाक मारायची, असं वाटलं असेल. बोटांनी चाचपून त्यांनी तारा जोडल्या आणि खटका दाबला. तार चुकीची होती. करंट पाइपात उतरला, आणि पाइपाला टेकून उभा असलेला तिथला गडी लांब फेकला गेला. वाचला. तळहात भाजला, तासभर बोलेना, पण वाचला. इस्माईलभाईंना तो पडल्याचा आवाज आला फक्त. ते जमिनीवर हात फिरवत त्याला शोधत होते.

गडी उठून बसल्यावर त्यांनी स्वतः अबू नासिरला फोन लावला. म्हणाले, दुसरा माणूस बघ. मी आता काम करणार नाही. अबू नासिरनं उलट समजावलं म्हणे, विश्रांती घे, महिनाभर थांब. इस्माईलभाई म्हणाले, नाही. कुणाच्या तरी पोराला मी आज मारलं असतं. खलास.

निलोफरचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

"मी गाडीकडं बघत राहिले गो," भाभी म्हणाल्या. "इतकी वर्षं हिचा एक नट ढिला होऊ दिला नाय. हिच्या पायात काटा रुतू दिला नाय. आन ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्याकडंच पाठ करून उभी होते." मग त्या उठल्या आणि टायरला जोरात लाथ मारली. पुन्हा मारली. मी त्यांना धरलं.  आम्ही दोघी पायरीवर बसून रडलो, आणि वरच्या खिडकीतून इस्माईलभाई विचारत होते, "सकीना, कोण रडतंय खाली?"

पुढचं सांगायचं तर फार काही वाईट झालं नाही. गाडीची कीर्ती सनाइयात होतीच. बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, दुकान असलेल्या जेद्दाच्या एका व्यापाऱ्याला वाळवंटात हिंडायची हौस होती, त्यानं ती चांगली किंमत देऊन मागून घेतली. निलोफरचं वर्ष त्यात निभावलं. आता ती चिपळूणला दात काढते आणि भाभी दापोलीहून फोनवर मला माझ्याच गाडीबद्दल बोलणी देतात. पण त्या फोनवरच्या. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती गाडी विकायच्या दिवशीची सकाळ.

शुक्रवार होता. गिऱ्हाईक दुपारच्या नमाजनंतर येणार होतं. आठवडाभर खपून भाभींनी गाडी अशी केली होती की तिच्या बॉनेटवर जेवून घ्यावं. सकाळी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, जरा फिरून येऊ, तुमची गाडी घेऊन मागून या. इस्माईलभाई इस्त्रीचा शर्ट घालून पुढे बसले होते.

शहराबाहेर डोंगर संपल्यावर एक मैदान आहे. पावसाचं पाणी साचतं, सुकतं आणि जमीन फरशीसारखी कडक होते. झाड नाही, दगड नाही, नजर पोचेल तिथवर काही नाही. भाभींनी तिथे गाडी थांबवली. उतरून पलीकडे गेल्या, इस्माईलभाईंचा हात धरून त्यांना गाडीला वळसा घालून आणलं आणि चालवायच्या जागेवर बसवलं.

"भाभी, काय करताय?" अविनाश पुढे धावला.

"माझ्या नवऱ्याला गाडी चालवायची हाय."

"अहो, दुपारी गिऱ्हाईक येणार..."

"येऊ दे की."

इस्माईलभाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग गिअरचा दांडा चाचपला, पायांनी पेडल शोधली. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. हसत नव्हते, घाबरलेले होते. किल्ली फिरवली, क्लच अर्धाच दाबला असावा, कारण गिअर टाकताना असा कर्कश खरखराट झाला की माझे खांदे वर गेले. दार जरा जोरात लावलं तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई शेजारी बसली होती. ती काहीच बोलली नाही. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. त्यांनी पुन्हा सुरू केली. पुन्हा खरखराट, आणि गाडी निघाली.

पहिल्यांदा बैलगाडीसारखी, मग जरा वेगानं. मोठं वळण घेतलं, उगाच घेतलं, तिथे वळायला काही कारण नव्हतं. काचा खाली होत्या. भाभींचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"डावीकडं जायचं तर जा. उजवीकडं जा. दाब, दाब अजून. समोर काय नाय."

मग तोही ऐकू येईना. मैदानावर धुळीची एक रेघ लांब लांब जात होती, सरळ नव्हती, नागमोडी होती. अविनाशनं घड्याळाकडे बघितलं. उशीर होईल म्हणाला.

मी म्हटलं, "थांबेल गिऱ्हाईक."